‘झालं भाजून’ नावाचं चित्र

वहिनी, तुमच्या चित्राबद्दल मी खोटं लिहिलं होतं. चुकीचं नव्हे, खोटं. चूक न समजल्याने होते. मला समजलं होतं.

हे सांगायला तुम्ही जाण्याची वाट पाहिली, असं तुम्ही म्हणाल. वर म्हणाल, "भाऊजी, तुमचं हे नेहमीचंच. पाहुणे गाडीत बसले की मग तुम्हाला बोलायला सुचतं." खरं आहे. तुम्हाला जाऊन महिना होत आला. तुमचं आजारपण, हॉस्पिटल, शेवटचे दिवस यांतलं मी इथे काही लिहिणार नाही. तुम्हालाच त्या विषयाचा कंटाळा होता. मी चित्राबद्दल लिहिणार आहे, आणि ज्या साप्ताहिकात माझं इतर सगळं छापून येतं त्यातच हे छापायला देणार आहे, म्हणजे मागे फिरायला जागा राहणार नाही.

चित्र अजून तिथेच आहे, वाचनालयाच्या वरच्या दालनात, जिन्यासमोरच्या भिंतीवर. चार फूट रुंद, तीन फूट उंच, हार्डबोर्डवर तैलरंग. तुमच्या परसातली बाग. पण दिनदर्शिकेवर बाग म्हणून जे असतं त्यातलं इथे काही नाही. माडांचे नुसते बुंधे, राखी उभे पट्टे, वरच्या कडेने कापलेले. झावळ्या नाहीत, आकाश नाही. जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, नुसती एक आडवी लाल पट्टी. विहीर म्हणजे निळ्यात एक पांढरं वर्तुळ. लांबचं लहान, जवळचं मोठं हा प्रकारच नाही. अख्खी बाग उचलून भिंतीला टेकवून ठेवावी तशी. डावीकडून एक पिवळी वाट येते. उजवीकडे, चित्राचा पाव भाग व्यापून, एक काळा चौकोन. त्या चौकोनाच्या काठाला वेताची एक खुर्ची. रिकामी.

प्रदर्शन दिवाळीच्या सुट्टीत भरलं होतं. कोकण रेल्वे नवीन होती, मुंबईहून माणसं हौसेने येत होती, आणि वाचनालयाच्या मंडळींना वाटलं, आपल्या गावात एक बाई असं काहीतरी वेगळं काढते, लोकांना दाखवू या. चौदा चित्रं. परिचयपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत मराठीचा मास्तर, साप्ताहिकात लिहिणारा, आणि तुमचा धाकटा दीर. माझ्याहून योग्य कोण?

त्या पत्रकात या चित्राबद्दल मी लिहिलं : ‘काळा चौकोन हे पतिनिधनाचं सावट आहे. जीवनाची वाट तिथवर येते आणि थांबते. आकाश नाकारलेलं आहे. रिकामी खुर्ची कुणाची, हे वेगळं सांगायला नको.’ चित्राच्या मागे तुम्ही पेन्सिलीने नाव लिहिलं होतंत, ‘झालं भाजून’. मला ते पोरकट वाटलं, निदान मी तसं म्हणालो. पत्रकात आणि पाटीवर मी नाव दिलं ‘अस्तानंतर’. तुम्हाला विचारलं नाही.

आता ते भाजणं काय, हे रत्नागिरीतल्या माणसाला सांगायची गरज नाही. पण हा अंक बाहेरगावीही जातो, म्हणून सांगतो. भाताचं रोप करायचं तेवढा जमिनीचा तुकडा पावसाआधी भाजून काढतात. त्यावर शेण, पाला, झाडांच्या तोडलेल्या फांद्या म्हणजे कवळ, वर गवत आणि माती, असे थर देऊन पेटवतात. तण जळतं, जमीन पोसते. त्या तुकड्याला दाढ म्हणतात. भाजलेली दाढ काळीकुट्ट दिसते. परसाच्या खालच्या अंगाला तुमचा भाताचा छोटा कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, होता, त्याच्या कोपऱ्यातली ती दाढ. त्या चौकोनात एवढंच आहे.

मी ते ओळखलं नाही, असं कुणाला वाटेल. वहिनी, भाजली त्या सकाळी मी तिथे होतो. दादाला जाऊन दुसरा उन्हाळा. पहिल्या वर्षी कुणगा ओसाड पडला होता. त्याआधी दादा गडी लावायचा आणि स्वतः छत्री धरून कडेला उभा राहायचा, कवळाचे भारे रेषेत पडले पाहिजेत म्हणून. त्या वर्षी मात्र तुम्ही मला रविवारी बोलावलंत आणि मी आपला परीटघडीचे कपडे घालून चहाला आलो. बघतो तर तुम्ही पदर खोचून कुणग्यात उभ्या. सोबत वाडीतली सुगंधा, जी तुमच्याकडे शेतकामाला यायची.

"अहो भाऊजी, तिथे गडग्यावर काय उभे राहिलात देवासारखे? तो भारा द्या इकडे."

मी दिला. वारा पडलेला होता. तुम्ही एका कडेने पेटवलंत आणि आग आंब्याकडे सरकली की हिरव्या डहाळीने झोडपून मागे सारत होतात, आणि सुगंधा ओरडत होती, "बाय, मागं व्हा, लुगड्याला धरंल!" दीडेक तासाने सगळं खाली बसलं. तुम्ही ओटीवरची वेताची खुर्ची स्वतः ओढत आणलीत, त्या धुमसणाऱ्या काळ्याच्या काठाला ठेवलीत, बसलात आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलात. मग म्हणालात, "झालं भाजून!"

आणि हसलात. मोठ्याने. इतक्या वर्षांत तुम्हाला मोठ्याने हसताना मी ऐकलंच नव्हतं. तुमच्या कपाळावर मध्यभागी काजळीचा ठिपका लागला होता. मी मान फिरवली आणि माझ्या लेंग्यावर उडालेली राख झटकत बसलो.

चित्र तुम्ही त्याच आठवड्यात काढलंत. ते पाहिल्याबरोबर मला कळलं की हे सुखात असलेल्या बाईने काढलं आहे. कळायला फार अक्कल लागत नव्हती. तो पिवळा रंग दुःखात कुणी लावत नाही.

मग मी ते का लिहिलं?

यासाठी मला मागे, पोफळीला जावं लागतं. तिथल्या वीजकेंद्रात तेव्हा दादाची नोकरी, कॉलनीत तुमचं क्वार्टर. मी बी.एड.ची परीक्षा देऊन चार दिवस राहायला आलो होतो. सकाळी दादा न्हाणीघराबाहेर बंब पेटवत होता. लाकडं ओली होती. आत जाऊन तो कागदांचा एक गठ्ठा घेऊन आला. तुमची चित्रं होती, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर काढलेली. वरच्या कागदावर क्वार्टरपुढची कर्दळ होती, नुसते लाल आणि हिरवे तुकडे. दादाने ते सुरळी करून एकेक आत घातले. रागाने नाही. तुमच्यावर तो रागावलेला नव्हताच. त्याच्या लेखी ती रद्दी होती, घरात पसारा नको, आणि भावाला आंघोळीला कढत पाणी हवं. मला म्हणाला, "बघ, कसा धरला." तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात, हाताला कणीक. तुम्ही दादाकडे पाहिलं नाहीत. माझ्याकडे पाहिलंत.

मी टॉवेल घेतला आणि आंघोळीला गेलो. पाणी चांगलं तापलं होतं.

दादाबद्दल मला वाईट लिहायचं नाही. त्याने मला शिकवलं, माझ्या लग्नात राबला, कुणाचं कधी वाईट चिंतलं नाही. तुम्हालाही त्याने काही कमी केलं नाही, फक्त चित्र काढलेलं त्याला चालत नव्हतं. घरात वास येतो, डाग पडतात. तुम्ही मग पोफळीत चित्रं काढणं बंद केलंत, आणि आम्ही सगळे म्हणायचो, वहिनी किती समंजस.

म्हणून तुमचं ते पिवळं चित्र समोर आलं तेव्हा माझी पंचाईत झाली. तुम्ही आता सुखात आहात म्हटलं, की आधी नव्हतात हे आलं. आधी नव्हतात म्हटलं, की ते मला ठाऊक होतं हे आलं. त्यापेक्षा तुम्हाला दुःखात ठेवणं सोपं होतं. दादाचा मान राहील, गावात चार माणसं काही बोलणार नाहीत, आणि लेखही भारदस्त होईल. शिकलेल्या माणसाला अशा वेळी प्रतीकं फार उपयोगी पडतात.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी बायका माझं पत्रक वाचायच्या, चित्राकडे पाहायच्या, मग तुमच्याकडे पाहायच्या आणि तुमचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "किती सोसलंत हो!" तुम्ही त्या दिवशी नारिंगी काठाची नवी साडी नेसला होतात. संध्याकाळी तुम्हाला घरी सोडायला आलो. तुम्ही चपला काढता काढता म्हणालात, "भाऊजी, उद्या पांढरी साडी नेसून येऊ का? तुमच्या कागदाला शोभेल."

मी म्हटलं, "वहिनी, कलाकाराला स्वतःच्या मनातलं कळतंच असं नाही."

"असं? मग दाढ कुणी भाजली? मी, का माझ्या मनाने?"

"ती रिकामी खुर्ची..."

"अहो, रिकामी असायचीच! बोर्ड गडग्याला टेकवलेला. बसून हात पोचेना, म्हणून मी उठल्ये आणि उभी राहून काढत्ये. मी खुर्चीत असत्ये तर चित्र कुणी काढलं असतं, तुम्ही?"

"आणि वाट तिथे थांबते ती?"

"पुढे कुणगा आहे. भातातून वाट न्यायची का?"

मी तरीही हट्टाने आकाशावर आलो. तुम्ही नुसता हात हलवलात आणि चहा टाकायला आत गेलात. पाटी बदला, असं तुम्ही त्या दिवशी म्हणाला नाहीत, नंतरही नाहीत. मी सुचवेन म्हणून थांबला असाल. मी सुचवलं नाही. पुढे वाचनालयाने ते चित्र ठेवून घेतलं आणि पाटीही तीच राहिली.

पण वहिनी, त्यानंतरची सात वर्षं मला फार चांगली गेली, हेही कबूल करतो. दर रविवारी सकाळी तुमच्या ओटीवर आपलं भांडण. तुम्ही फणसाचे तळलेले गरे पुढे ठेवायच्यात आणि विचारायच्यात, "बोला, या आठवड्यात काळ्याचा अर्थ काय?" एकदा म्हणालात, "आज दूध नासलं, भाऊजी. चहा प्रतीकात्मक आहे." मी घरी येऊन आमच्या हिला सांगितलं तर ती इतकी हसली की पुढे आमच्याकडेही पातळ आमटीला प्रतीकात्मक म्हणू लागलो. बाहेर मी गंभीर माणूस म्हणून ओळखला जातो. तुमच्या ओटीवर मी हरायला येत होतो, आणि हरून हलका होऊन घरी जात होतो.

एकदाच तुम्ही वेगळं बोललात. मी थकून म्हटलं होतं, "बरं बाई, दाढ तर दाढ. नुसती दाढ." तुम्ही गऱ्यांचं ताट खाली ठेवलंत. म्हणालात, "नुसती कशी? नुसती दाढ काढायची असती तर एवढा काळा कशाला लावला असता? बोटभर लावून भागलं असतं."

"मग काय आहे?"

"ते तुम्ही सांगायचं. मास्तर ना तुम्ही?" आणि ताट माझ्याकडे सरकवून, "भाऊजी, तुम्ही घाबरट आहात. पण येता मात्र न चुकता."

तेव्हा सांगायला हवं होतं. पोफळीचं, पत्रकाचं, सगळं. तोंडापर्यंत आलंही होतं. मी आणखी एक गरा उचलला.

तुमची शोकसभा वाचनालयाच्या त्याच दालनात झाली. ग्रंथपाल मला म्हणाले, "सर, तुम्ही वेगळं काही बोलू नका. तुमचं ते पत्रकच वाचा, फार सुंदर आहे." त्यांनी जपून ठेवलेली प्रत माझ्या हातात दिली. मी चित्राच्या बाजूला उभा राहिलो, पहिलं वाक्य वाचलं आणि पुढे वाचवेना. कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो, "हे खोटं आहे. ही भाजलेली दाढ आहे. भाजली तेव्हा मी तिथे होतो. वहिनी त्या दिवशी आनंदात होत्या आणि हे आनंदाचं चित्र आहे. मला ते लिहायचं धैर्य झालं नाही."

मग मागच्या रांगेतून सुगंधा उठली.

"मास्तर, ती दाढ हाय हे आमाला काय दिसत नव्हतं? कवळाचे भारे मीच आनलेले. पन तुमी छापलंत, तवा म्हटलं असंल शिकलेल्यांचं कायतरी."

लोक हसले. शोकसभेत असं हसावं की नाही ते न कळल्याने आधी दबून, मग चांगलेच. पुढच्या रांगेतल्या शाळेच्या एका निवृत्त बाईंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "पण प्रदर्शनात त्या या चित्रापाशी पदर तोंडाला लावून रडत होत्या. मी स्वतः पाहिलंय."

"रडत कुटं व्हत्या?" सुगंधा म्हणाली. "हसू दाबत व्हत्या. तुमी सगळ्या हात धरून रडायला लागलात, मग त्यांनी करायचं काय?"

पोफळीच्या बंबाचं मी तिथे बोललो नाही. ते इतक्या माणसांसमोर तोंडून निघालं नसतं, म्हणून इथे लिहिलं. तुम्ही त्या सकाळी माझ्याकडे पाहिलंत त्याला हे उत्तर. पंचवीस वर्षं उशिरा. तुम्ही माफ केलं असेल की नाही, मला ठाऊक नाही. तुम्ही दर रविवारी चहा दिलात, त्यातून मी माझ्या सोयीचा अर्थ काढू शकतो, पण आता काढत नाही.

सभेनंतर सगळे खाली गेले आणि मी एकटा पाऊण तास चित्रासमोर बसलो. वहिनी, त्या काळ्यात काळा रंग जवळजवळ नाहीच! मला कधी दिसलं नव्हतं, कारण मी लांबूनच अर्थ लावून मोकळा झालो होतो. जवळ गेलं की खाली गडद लाल दिसतो, जांभळा दिसतो, एका कोपऱ्यात हिरवा. थरावर थर दिलेत तुम्ही. कडेला केसाएवढी नारिंगी रेघ उघडी सोडलीत, तिच्यामुळे तो तुकडा अजून गरम वाटतो. अख्ख्या चित्रात सर्वांत जास्त हात तिथे फिरला आहे. गडगा, विहीर, माड हे सगळं तुम्ही एकेका फटक्यात उरकलंत आणि त्या चौकोनावर मात्र दिवसचे दिवस घालवलेत.

तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगतो. मला वाटतं, हा स्वतः केलेल्या कामाचा रंग आहे. कुणी कडेला उभं राहून सांगितलेलं नाही, कुणाच्या रेषेत टाकलेलं नाही. दिवसभर राबून पाठ दुखावी आणि पुन्हा पुन्हा वळून आपणच केलेलं पाहत राहावं, तसा तो लावला आहे. आकाश नाही, कारण त्या वेळी तुम्हाला वर बघायचंच नव्हतं. जे हवं होतं ते पायांशी होतं. हेही चुकीचं असेल. पण या वेळी चुकलो तर नुसता चुकलो असेन.

दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. ग्रंथपालांनी विचारलं, "सर, खाली दोन ओळी स्पष्टीकरण देऊ या? लोकांना कळायला बरं." मी नको म्हटलं. आता तिथे तुमचं नाव आहे आणि तुम्ही दिलेलं चित्राचं नाव.

गेल्या रविवारी सकाळी मला कुठे जावं कळेना. पाय आपोआप तुमच्या घराच्या रस्त्याला लागत होते, म्हणून वाचनालयात जाऊन वर बाकावर बसलो. एक जोडपं आलं. नवरा लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात असावा, रात्रपाळीबद्दल काहीतरी बोलत होते. बायको चित्रासमोर थांबली. बराच वेळ थांबली.

"चल ना," तो म्हणाला.

"थांबा हो. बघा तरी. कुणीतरी दमून काढलेलं दिसतंय." मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "छान दमून."

"आणि तो काळा काय मधेच?"

"असेल काहीतरी त्यांचं."

त्याने आजूबाजूला पाहिलं. मी बाकावर, मांडीवर वर्तमानपत्र, चष्मा, पांढरे केस. कुणालाही वाटेल की या माणसाला ठाऊक असणार. त्याने माझ्याकडे पाहिलं, विचारू की नको अशा नजरेने. मला सगळं ठाऊक होतं. कवळ, सुगंधा, खुर्ची, पोफळी. तोंड उघडलंही होतं. पण ती बाई अजून चित्राकडे बघत होती, आणि चेहऱ्यावर तिच्या नकळत हसू होतं.

मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा योग्य जागी गप्प बसलो, वहिनी.